उरलेल्या तासांचा हिशेब: लहान मुक्तस्रोत नेटवर्किंग प्रकल्पाचा वर्षअखेरचा आढावा आणि पुढची आखणी

१. विषय आणि त्याची मर्यादा

वर्ष सरत आले की मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणारी मंडळी आढावा लिहायला बसतात. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. इतक्या आवृत्त्या काढल्या, इतके बग मिटवले, अमुक सुविधा नव्याने दिल्या, सर्वांचे आभार. पुढच्या वर्षी याहून अधिक करू. मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालाला हा साचा शोभतो. लहान प्रकल्पाची खरी अवस्था मात्र त्यातून कळत नाही, आणि पुष्कळदा तो उलटेच चित्र उभे करतो. या लेखाचे प्रतिपाद्य असे की, लहान नेटवर्किंग प्रकल्पाच्या वर्षाचे मोजमाप नव्याने काय जोडले यावर करू नये. आजवर दिलेल्या शब्दांपैकी कोणते पुढे पाळता येतील, आणि त्यासाठी किती मनुष्यतास हाताशी आहेत, यावर ते करावे. पुढच्या वर्षाची योजना म्हणजे त्या तासांची वाटणी. वाटणीत न बसणारे सारे सदिच्छेत जमा होते.

‘लहान’ या शब्दाची मर्यादा आधी ठरवून घेऊ. प्रकल्प लहान की मोठा हे वापरणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही, कोडच्या ओळींवरूनही नाही. ज्याचे रोजचे निर्णय एक ते पाच माणसे घेतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे पोट त्या कामावर चालत नाही, तो प्रकल्प येथे लहान मानला आहे. डीएनएसमास्क हे याचे नमुनेदार उदाहरण. घरातल्या राउटरला जोडलेल्या फोनला आयपी पत्ता देणे आणि संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते शोधून देणे ही दोन कामे करणारा हा प्रोग्राम जगभरच्या असंख्य राउटरांत बसलेला आहे. पुण्या-नाशिकच्या एखाद्या घरातल्या वाय-फाय खोक्यातही तो असू शकतो आणि घरच्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. सायमन केली हे ब्रिटिश गृहस्थ तो या शतकाच्या सुरुवातीपासून मुख्यतः एकहाती सांभाळत आले आहेत. वापर अफाट, हात मोजके: लहान प्रकल्पाची व्याख्या या विषम प्रमाणात आहे.

२. नेटवर्किंगचे वेगळेपण

चित्रे काढण्याचा किंवा हिशेब ठेवण्याचा प्रोग्राम आणि नेटवर्क चालवणारा प्रोग्राम यांच्या देखभालीत चार मूलभूत फरक आहेत. आढावा कसा लिहावा हे या फरकांवर ठरते.

पहिला फरक: दुसरे टोक आपल्या ताब्यात नसते. आपण प्रोग्राम सुधारला तरी पलीकडचे यंत्र आणि वाटेतली उपकरणे जुनीच राहतात. ऑगस्ट २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ या जोडणी कूटबद्ध करण्याच्या मानकात हे स्पष्ट दिसते. ‘मी १.३ बोलतो’ असे यंत्राने मूळच्या जागी उघड सांगितले की वाटेतली काही उपकरणे जोडणीच तोडत. म्हणून आवृत्तीच्या त्या रकान्यात १.२चाच आकडा ठेवला गेला, खरी आवृत्ती एका वेगळ्या विस्तारात घातली गेली, आणि जुन्या पद्धतीचा एक निरर्थक संदेशही मध्ये पाठवण्याची सोय केली गेली. जगातले नामवंत तज्ज्ञ ज्या कामात गुंतले होते, त्यालाही जुन्या उपकरणांपुढे असे नमते घ्यावे लागले. लहान प्रकल्पाला तर दरवर्षी कुणा ना कुणा अनोळखी उपकरणाची खोड सांभाळून घ्यावी लागते. ते काम यादीत मिरवण्याजोगे नसते, पण वेळ खाते.

दुसरा फरक: दोष दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ या दोषाकडे लक्ष वेधले. राउटर आणि मोडेममधले बफर गरजेपेक्षा फार मोठे ठेवल्यामुळे, एखादी मोठी फाइल वर चढत असताना पॅकेटे रांगेत ताटकळत राहतात. एरवी काही मिलिसेकंदांत येणारे उत्तर सेकंदा-सेकंदावर जाते. बोलणे तुटते, व्हिडिओ अडतो आणि घरातला माणूस सेवा देणाऱ्या कंपनीला बोल लावतो. म्हणजे दोष असताना नेटवर्क चालवणाऱ्या प्रोग्रामाकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि दुरुस्ती झाल्यावर श्रेयही कुणी देत नाही. वापरणाऱ्यांच्या प्रतिक्रियांवरून यशापयश जोखायचे तर येथे आधारच मिळत नाही.

तिसरा फरक: दार रस्त्यावर उघडते. नेटवर्क प्रोग्रामाला कुठल्याही अनोळखी यंत्राने पाठवलेले पॅकेट वाचून पाहावेच लागते. म्हणून त्यातली किरकोळ चूकही सुरक्षेची बाब ठरू शकते.

चौथा फरक: आयुष्यमान. राउटर एकदा भिंतीवर लागला की वर्षानुवर्षे तेथेच राहतो आणि त्यातले सॉफ्टवेअर क्वचितच बदलले जाते. जानेवारी २०२१मध्ये डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी ‘डीएनएसपूक’ या नावाने जाहीर झाल्या, तेव्हा त्या मिटवणारी २.८३ ही आवृत्तीही सोबत आली. प्रकल्पाचे काम तेथे झाले, पण दुरुस्ती प्रत्येक खोक्यापर्यंत पोहोचवणे उत्पादकांच्या मर्जीवर उरले. प्रकल्पाची जबाबदारी कोठे संपते, हा प्रश्न या क्षेत्रात कायम टोचत राहतो.

३. वर्षाची चार खाती

या चार फरकांवरून आढाव्याची चार खाती निघतात: कोड, वचने, माणसे आणि पैसा. व्यापारी जसा जमा आणि देणे दोन्ही मांडतो, तसे प्रत्येक खाते दोन्ही बाजूंनी मांडले पाहिजे. रूढ आढाव्यात फक्त जमेची बाजू दिसते.

(अ) कोडचे खाते. नवी सुविधा जमेत धरण्याची सवय किती फसवी आहे, हे ओपनएसएसएल या कूटलेखन ग्रंथालयाच्या इतिहासावरून कळते. ३१ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री, त्या प्रकल्पात ‘हार्टबीट’ नावाची सुविधा समाविष्ट झाली. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एका बाजूने थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत करायचा, इतकीच ती योजना. कोडमध्ये एक तपासणी राहिली: सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेल्या मजकुराची लांबी जुळते का? ती नसल्यामुळे कुणी एक बाइट पाठवून ‘हा मजकूर ६४ किलोबाइटांचा आहे’ असे सांगितले, तर सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा तुकडा उचलून तितका मजकूर परत करी. त्या तुकड्यात परवलीचे शब्द असू शकत, खासगी किल्लीही असू शके. मार्च २०१२च्या १.०.१ आवृत्तीतून ही सुविधा सर्वत्र गेली, आणि ‘हार्टब्लीड’ या नावाने तिचा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला.

येथे चूक कुणाची, हा मुद्दा गौण आहे. पाहायचे ते असे की २०१२च्या कोणत्याही रूढ आढाव्यात हार्टबीट ‘नवे काय’ या मथळ्याखाली अभिमानाने बसले असते. शिवाय टीसीपीवर चालणाऱ्या साध्या जोडणीला त्याची फारशी गरजही नव्हती. खरा उपयोग यूडीपीवरच्या प्रकाराला होता. तरीही ते मुळात चालू स्थितीत दिले गेले. यातून कोडच्या खात्याचा नियम निघतो: प्रत्येक नवी सुविधा आधी देण्याच्या बाजूला लिहावी. ती कोण वाचणार, कोण तपासणार आणि मुळात बंद ठेवता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज ती जमेकडे नेऊ नये.

याच नियमाने काढून टाकलेला कोड जमेत येतो. नेटवर्कवरून फायली आणण्या-पाठवण्याचा कर्ल हा प्रकल्प याबाबत अनुकरणीय आहे. डॅनियल स्टेनबर्ग १९९८पासून या नावाने तो चालवत आहेत. कोणती जुनी सोय केव्हा काढणार, याची यादी प्रकल्प उघडपणे ठेवतो. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी हायपर या रस्ट भाषेतल्या एचटीटीपी ग्रंथालयाचा आधार काढून घेण्याचे जाहीर केले. हा प्रयोग २०२०मध्ये बाहेरच्या संस्थेच्या आर्थिक मदतीने, मेमरी-सुरक्षेच्या चांगल्या हेतूने सुरू झाला होता. बहुतेक काम झाले, पण शेवटचा टप्पा रेंगाळला. वापरणाऱ्यांकडून मागणी येईना, आणि सी व रस्ट दोन्ही भाषा जाणून हे काम तडीस नेणारा कुणी मिळेना. फेब्रुवारी २०२५च्या ८.१२.० आवृत्तीत तो कोड गेला. चार वर्षांचा प्रयोग फसला हे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट, अर्धवट प्रयोग ‘प्रगतिपथावर’ या शीर्षाखाली पाचव्या वर्षी नेला असता तर दर बदलात त्याची चाचणी करण्याचा भार वाढतच गेला असता.

(आ) वचनांचे खाते. जुन्या आवृत्तीत चालणारी गोष्ट नव्यातही चालेल, अमुक उपकरणाला आधार राहील, अमुक वर्षापर्यंत दुरुस्त्या मिळतील: ही सारी वचने. यांतली पुष्कळशी कधी लिहून दिलेली नसतात. वापरणारे ती गृहीत धरतात. म्हणून वर्षअखेरीस पहिले काम म्हणजे न लिहिलेली वचने लिहून काढणे.

राउटरसाठी फर्मवेअर बनवणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीने हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला, आणि त्यातून २००४मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. जुन्या राउटरला नवे आयुष्य देणे हीच त्याची ख्याती. पण लिनक्सचे कर्नल वर्षागणिक फुगत गेले आणि ४ मेगाबाइट फ्लॅश व ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या उपकरणांत ते मावेना. प्रकल्पाने आधी इशारा दिला, मग २०२१च्या २१.०२ आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम अशी अट घातली. ‘जुने टाकू नका’ म्हणणाऱ्या प्रकल्पाने जुने टाकले, अशी टीका करणे सोपे आहे. पण चार मेगाबाइटांत बसवण्यासाठी दर आवृत्तीत जी कसरत करावी लागे, तिचे तास कुणाच्या तरी रात्रीतून जात होते. इशारा, मुदत आणि मग निरोप या क्रमाने मोडलेले वचन विश्वास घालवत नाही. न सांगता दुर्लक्षित केलेले वचन मात्र घालवते.

वचने कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ती मोठ्या समूहाकडे सोपवणे. वायरगार्ड हा व्हीपीएन प्रकल्प लिनक्स कर्नलच्या बाहेर होता तोवर कर्नलच्या अनेक जुन्या-नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्याचे ओझे त्याच्यावरच होते. जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१८च्या मध्यावर तो कर्नलमध्ये घेण्यासाठी पाठवला. सोबत दिलेले नवे कूटलेखन ग्रंथालय कर्नलच्या मंडळींना मान्य होईना, आणि काम अडले. अखेर २०१९मध्ये डोनेनफेल्ड यांनी आपल्या पसंतीची रचना बाजूला ठेवून कर्नलमधली प्रचलित रचना स्वीकारली, आणि मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीत वायरगार्ड आत आला. मनासारखी रचना सोडली, पण देखभालीतले कायमचे ओझे उतरले. लहान प्रकल्पासाठी हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो.

(इ) माणसांचे खाते. हे खाते सर्वांत कमी लिहिले जाते आणि बुडते तेही सर्वांत आधी. नेटवर्किंगच्या थोडे बाहेरचे, पण दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या थेट दारापर्यंत पोहोचलेले एक्सझेड प्रकरण हे त्याचे उदाहरण. फायली आवळून लहान करणाऱ्या या ग्रंथालयाचा भार दीर्घकाळ एकाच स्वयंसेवकावर होता. २०२२च्या सुमारास थकव्याची कबुली त्यांनी जाहीरपणे दिली होती. त्याच काळात एक टोपणनावाचा सहकारी मदतीला आला, दोनेक वर्षे चांगले काम करत राहिला, अधिकार मिळवत गेला आणि शेवटी त्याने आवृत्तीत चोरवाट घातली. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघड केली. एसएसएच जोडणीला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तेथवर पोहोचले.

यावरून ‘नवख्यांवर विश्वास ठेवू नका’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. एकट्यावर भार असलेल्या प्रकल्पाला मदत नाकारण्याची ऐपतच उरत नाही, हा खरा निष्कर्ष आहे. म्हणून या खात्यात तीन नोंदी हव्यात: आवृत्ती काढण्याचा अधिकार किती जणांकडे आहे, त्यांपैकी एक जण तीन महिने अनुपलब्ध झाला तर सुरक्षा-दुरुस्ती बाहेर पडू शकेल का, आणि वर्षभरात दुसऱ्याच्या नजरेखालून न जाता किती बदल आत गेले. तिसरी नोंद सर्वांत बोचरी असते, पण प्रकृती तीच सांगते.

(ई) पैशाचे खाते. हार्टब्लीडनंतर उघड झाले की ओपनएसएसएलला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. धक्का बसून २०१४मध्येच लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभा केला. नंतरच्या काळात नेदरलँड्समधली एनएलनेट, जर्मनीतला २०२२पासूनचा सॉव्हरिन टेक फंड असे स्रोत वाढले. भारतात झेरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लॉस/फंड जाहीर केला. जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर देण्याची ही योजना आहे.

पैसा वाढला तरी त्याचे तासांत रूपांतर आपोआप होत नाही. नोकरी करून रात्री प्रकल्प सांभाळणाऱ्याला सहा महिन्यांचे अनुदान मिळाले, म्हणून तो नोकरी सोडू शकत नाही. शिवाय ‘नवे काय करणार’ हा प्रश्न अर्जात ठळक असतो. ‘आहे ते चालू ठेवू’ हे उत्तर तितके आकर्षक ठरत नाही. परिणामी पैसा नव्या सुविधेसाठी येतो आणि तिची देखभाल पैसा संपल्यावर सुरू होते. उलट दिशेचाही अनुभव आहे. कर्लने २०१९पासून त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसे दिली. पुढे यंत्राकडून लिहून घेतलेल्या, भारदस्त पण पोकळ तक्रारींचा मारा सुरू झाला. प्रत्येक तक्रार खोटी ठरवण्यासाठीही जाणत्या माणसाचा वेळ जात असल्याने २०२६च्या जानेवारीअखेर बक्षीस योजना बंद करण्यात आली. तेव्हा पैशाच्या खात्यात प्रत्येक रकमेपुढे दोन आकडे लिहावेत: तिने किती तास दिले आणि किती तास मागितले.

४. एक हिशेब

ही चारही खाती शेवटी तासांत उतरतात. त्यासाठी एक काल्पनिक, पण अशा कामात वावरणाऱ्याला ओळखीचा वाटेल असा प्रकल्प घेऊ. दोन माणसे, प्रत्येकी आठवड्याला चार तास, सुट्ट्या-सण वगळून वर्षाचे ४८ आठवडे. एकूण ३८४ तास.

त्यातून आधी ठरलेले खर्च वजा करू. तक्रारी वाचणे, त्यांना उत्तरे देणे, दोष पुन्हा घडवून पाहणे: आठवड्याला अडीच तास धरले तर १२० तास. कर्नल, कंपायलर आणि ग्रंथालये बदलली म्हणून करावी लागणारी डागडुजी: ७० तास. चार आवृत्त्या, प्रत्येकी १५ तास: ६० तास. सुरक्षेच्या दोन घटना, प्रत्येकी २५ तास: ५० तास. इतरांनी पाठवलेले पॅच वाचणे, आठवड्याला एक तास: ४८ तास. सर्व्हर, प्रमाणपत्रे, चाचणीयंत्रणा: २० तास. बेरीज ३६८.

उरले १६ तास. संपूर्ण वर्षात.

आता वर्षअखेरच्या योजनेत कुणी ‘आयपीव्ही६चा पूर्ण आधार’ लिहितो. त्याला ८० तास लागतील असा अंदाज आहे, म्हणजे ६४ तास कमी पडतात. ते येणार कुठून? वाटा मोजक्याच आहेत. चाराऐवजी तीन आवृत्त्या काढल्या तर १५ तास सुटतात. दोन जुन्या कर्नलांचा आधार सोडला तर डागडुजीतले २५ तास वाचतील असे धरू. तक्रारींसाठी नमुना-अर्ज ठेवला आणि जुन्या आवृत्तीवरच्या तक्रारी घ्यायच्या नाहीत असे ठरवले तर आणखी २४. तिन्ही मिळून ६४ होतात. पण यांतली प्रत्येक वाट म्हणजे कुणाला तरी ‘नाही’ म्हणणे आहे. त्या तीन नकारांशिवाय लिहिलेले आयपीव्ही६चे कलम डिसेंबरात जसेच्या तसे पुढच्या वर्षात जाते, किंवा तपासणीच्या तासांवर हात मारून पुरे होते. दुसरा प्रकार अधिक घातक.

या आकडेमोडीत एक त्रुटी जाणूनबुजून ठेवली आहे: सगळे तास सारखे धरले आहेत. प्रत्यक्षात सुरक्षेची एक घटना २५ तास घेते तेव्हा ते दोन आठवड्यांत, बहुधा सणासुदीच्या तोंडावर घेते. ओपनडब्ल्यूआरटीचा डिसेंबर २०२४ पाहा. मागणीनुसार फर्मवेअर तयार करून देणाऱ्या त्यांच्या सेवेत एक कमकुवत दुवा सापडला. मागणीची ओळख म्हणून काढलेला एसएचए-२५६ हॅश पूर्ण ६४ अक्षरांचा न ठेवता त्याची पहिली बाराच अक्षरे वापरली जात होती. इतक्या छोट्या ओळखीसाठी जुळणारी दुसरी मागणी घडवणे शक्य होते, आणि दुसऱ्या एका त्रुटीची जोड मिळाल्यास भलतेच फर्मवेअर माणसाच्या हाती पडू शकत होते. कळताच सेवा थांबवून काही तासांत दुरुस्ती झाली. अशी तत्परता दाखवायची तर काही तास कुठल्याच कामाला न बांधता राखून ठेवावे लागतात. वाटणी शंभर टक्के पूर्ण असेल तर ती योजना पहिल्याच धक्क्याला मोडते.

५. फसवी मापे

हा तासांचा हिशेब नकोसा वाटतो, म्हणून त्याच्या जागी सोपी मापे येतात. त्यांतली तीन नेहमी दिसतात. पहिले, पसंतीचे तारे आणि डाउनलोड. स्वयंचलित चाचण्या एकच फाइल दिवसातून हजारदा उतरवून घेतात, आणि राउटरमधून गेलेली प्रत मोजलीच जात नाही. दुसरे, बदलांची संख्या. अवतरणचिन्हे सरळ करणारा बदल आणि रांगेतली पॅकेटे नीट वाटणारा बदल येथे एकाच मापाने मोजले जातात. तिसरे, बंद केलेल्या तक्रारी. ‘बऱ्याच दिवसांत हालचाल नाही’ म्हणून यंत्राने मिटवलेली तक्रारही त्यात मोजली जाते आणि दोष तसाच राहतो.

यांऐवजी उपयोगी पडणारी मापे साधी आहेत. सुरक्षेची तक्रार आल्यापासून दुरुस्त आवृत्ती बाहेर पडेपर्यंत लागलेले दिवस. पहिल्यांदाच पॅच पाठवणाऱ्याला मिळालेल्या उत्तराचा अवधी, आणि त्यांतले किती जण दुसऱ्यांदा आले. चाचणीने झाकलेल्या आणि न झाकलेल्या भागांची यादी. ही मापे शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करण्यासाठी नाहीत. गेल्या वर्षीच्या आपल्याच आकड्यांशी त्यांची तुलना करायची.

६. पुढच्या वर्षाची रचना

वरील विवेचनावरून योजनेचे तीन स्तर पडतात.

पहिला स्तर बाहेरून लादलेल्या तारखांचा. येथे प्रकल्पाला निवड नसते, म्हणून हे आधी लिहावे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्यातली त्रुटी कळवण्याची बंधने ११ सप्टेंबर २०२६पासून आणि मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतात. कायद्याचा थेट रोख बाजारात उत्पादन विकणाऱ्यांवर आहे, हौसेने लिहिणाऱ्यावर नाही. पण राउटर विकणारी कंपनी आपली जबाबदारी पार पाडताना ‘तुमच्या घटकांची यादी द्या, त्रुटी कळवायची पद्धत सांगा’ म्हणून लहान प्रकल्पाचेच दार ठोठावणार, हे ओळखून उत्तराचा मसुदा आधीच तयार ठेवावा. कूटलेखनातला बदलही याच स्तरात येतो: क्वांटम संगणकांना तोंड देणारी मानके अमेरिकेच्या एनआयएसटीने ऑगस्ट २०२४मध्ये प्रसिद्ध केली, आणि एप्रिल २०२५च्या ओपनएसएसएल ३.५मध्ये ती आली. काही तारखा तर त्याहून निश्चित आहेत. एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा ३२ बिटांचा सेकंद-मोजक १९००पासून मोजतो आणि ७ फेब्रुवारी २०३६ रोजी पुन्हा शून्यावर येतो. आज भिंतीवर लागणारा राउटर त्या दिवशीही चालू असू शकतो, तेव्हा ती चाचणी आजच्या योजनेतच बसते.

दुसरा स्तर वचने पाळण्याचा: ठरलेल्या आवृत्त्या, डागडुजी, पॅचवाचन. येथे तारीख आधी ठरवून तयार असेल तेवढेच घेण्याची पद्धत लहान प्रकल्पाला सोयीची पडते. ओपनबीएसडी वर्षातून दोनदा आणि कर्ल साधारण आठ आठवड्यांनी आवृत्ती काढते. गाडी वेळेवर सुटणार हे ठाऊक असले की अर्धकच्चा बदल शेवटच्या रात्री आत ढकलण्याचा मोह कमी होतो. ‘अमुक सुविधा झाली की आवृत्ती काढू’ असे म्हटले की त्या एका सुविधेपायी वीस दुरुस्त्या अडकून पडतात.

तिसरा स्तर नव्या कामाचा, आणि त्यात एकच कलम असावे. दोन असतील तर त्यांचा क्रम स्पष्ट हवा, आणि प्रत्येकापुढे ‘यासाठी काय सोडले’ हे नोंदलेले हवे.

या स्तरांखाली आणखी एक प्रश्न असतो: प्रकल्प पुढच्या वर्षी असावा का? तो विचारणे निराशेचे लक्षण मानले जाते. सीरोडब्ल्यूआरटीचा इतिहास वेगळे सांगतो. बफरब्लोटवर उपाय शोधण्यासाठी डेव्ह टॅट आणि सहकाऱ्यांनी २०११च्या सुमारास हा प्रयोगशाळेसारखा प्रकल्प चालवला. हाती घेतले ते नेटगिअरचे एकदोन ठरावीक राउटर, सगळे नाहीत. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल हे रांग-नियंत्रणाचे तंत्र मांडले, एरिक ड्युमाझे यांनी त्याला प्रवाहनिहाय वाटणीची जोड दिली, आणि त्याच वर्षी लिनक्स ३.५मध्ये एफक्यू-कोडेल आले. सीरोडब्ल्यूआरटीत पारखलेल्या गोष्टी लिनक्समध्ये आणि ओपनडब्ल्यूआरटीत गेल्या, आणि २०१४नंतर त्याच्या नव्या आवृत्त्या निघणे थांबले. पुढे जानेवारी २०१८मध्ये ही तंत्रे आरएफसी ८२८९ आणि ८२९० म्हणून नोंदली गेली. डेव्ह टॅट २०२५च्या एप्रिलमध्ये गेले, पण त्यांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचले ते रांग-नियंत्रण आज कोट्यवधी उपकरणांत चालते. ‘नव्या आवृत्त्या: शून्य’ या मापाने सीरोडब्ल्यूआरटी मृत ठरतो. दिलेले वचन पुरे झाले का, या मापाने तो मुक्तस्रोत जगातल्या सर्वांत यशस्वी लहान प्रकल्पांपैकी एक आहे.

त्याच्या शेजारी ओपनडब्ल्यूआरटीचे विभाजन ठेवून पाहावे. निर्णयप्रक्रिया आणि पारदर्शकता यांवरून मे २०१६मध्ये काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी एलईडीई हा फोर्क काढला. जानेवारी २०१८मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले: नाव जुने राहिले, कामाच्या रीती बव्हंशी नव्या गटाच्या आल्या. म्हणजे भांडणाचे कारण वर्षअखेरच्या माणसांच्या खात्यात वेळीच लिहिले गेले असते, तर वीस महिने दोन घरे चालवण्याचा खर्च कदाचित वाचला असता.

७. निष्कर्ष

लहान नेटवर्किंग प्रकल्पाच्या वर्षअखेरच्या टिपणात पाच गोष्टी असाव्यात: आज लागू असलेल्या वचनांची यादी, ती पाळू शकणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या तासांची प्रामाणिक बेरीज, या वर्षी काढून टाकलेल्या किंवा दुसऱ्याकडे सोपवलेल्या गोष्टी, बाहेरून लादलेल्या तारखा, आणि नव्या कामाचे एक कलम, त्यासाठी दिलेल्या नकारांसह. यशाच्या आकड्यांना जागा उरली तर ते परिशिष्टात द्यावेत.

अशा टिपणावर एक आक्षेप येईल: हे वाचून नव्या माणसाला उत्साह कसा वाटावा? याचे उत्तर असे की नव्या माणसाला उत्साहापेक्षा नेमके काम लागते. ‘आम्हाला मदत हवी’ हे वाक्य प्रत्येक प्रकल्प लिहितो आणि वाचणारा पुढे जातो. ‘आवृत्ती काढण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे आहे, दुसरी हवी, वर्षाला ६० तास लागतील, पहिल्या दोन वेळा आम्ही सोबत बसू’ असे लिहिले, तर साठ तास मोकळे असलेला माणूस विचार करू लागतो. तूट आकड्यांत लिहिली तरच ती भरून काढता येते. उद्या कुणीतरी प्रकल्प पुढे चालवायला हवा असेल, तर त्याला हवा असलेला कागद हाच आहे.